रकान्याबाहेरची नावे

एमपी-थ्री फाईलच्या अगदी शेवटी १२८ बाइटांची एक पट्टी जोडलेली असे. १९९६ साली एरिक केम्प यांनी ही सोय केली आणि थोड्याच काळात जगभरच्या हौशी श्रोत्यांनी ती आपलीशी केली. गाण्याच्या नावासाठी ३० अक्षरे, कलावंतासाठी ३०, अल्बमसाठी ३०, सालासाठी ४, टिपणासाठी पुन्हा ३० आणि संगीतप्रकारासाठी एक क्रमांक, एवढीच तिची मांडणी. कवी, संगीतकार, साथीदार, वाद्यमेळ बांधणारा संयोजक यांच्यासाठी तिच्यात स्वतंत्र रकाना नव्हता. संगीतप्रकारांची मूळ यादी ८० नावांची होती. ब्लूजचा क्रमांक शून्य, कंट्रीचा दोन, जॅझचा आठ. लोकसंगीत त्या मूळ यादीत नव्हतेच. गाणी वाजवणाऱ्या विनॅम्प या संगणक-प्रणालीने यादी वाढवली तेव्हा त्याला जागा मिळाली.

त्या काळात मी अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना राज्यात संगणक-अभियंता म्हणून नोकरी करीत होतो. भारतातून नेलेल्या कॅसेटी संगणकावर उतरवून घेणे आणि त्यांचे रकाने भरणे हा माझा संध्याकाळचा छंद होता. माझ्या पिढीतील असंख्य लोक असेच काहीतरी करीत होते. कोणी जुन्या तबकड्यांचे क्रमांक जुळवी, कोणी गाण्यांचे शब्द ऐकून उतरवून ठेवी, कोणी एखाद्या विस्मृत वादकाची माहिती साल-तारखांसह गोळा करी. त्याचे पैसे कोणी देत नव्हते आणि कोणी मागतही नव्हते. विद्यापीठांनी ज्यांच्याकडे वळूनही पाहिले नव्हते अशा कितीतरी गोष्टी या निरपेक्ष श्रमातून टिकून राहिल्या, हे कृतज्ञतेने नमूद केले पाहिजे. परंतु अभंगाची फाईल समोर ठेवून त्या यादीत तिची जागा शोधावी, आणि ‘एथनिक’ या ४८ क्रमांकापलीकडे काहीच हाती लागू नये, असे वारंवार घडे. तेव्हा एक गोष्ट ध्यानात येऊ लागली. रकाना आधी ठरतो. त्यात जे मावत नाही ते पुढे अस्तित्वातच नव्हते असे मानले जाते. यादी करणाऱ्याच्या मनात द्वेष असलाच पाहिजे असे नाही. त्याने स्वतःच्या सोयीपुरते जग विभागलेले असते, एवढेच.

मी ज्या प्रदेशात राहत होतो तिथे हा विचार संगणकापुरता राहणे शक्य नव्हते. नॉर्थ कॅरोलायनाच्या पश्चिमेस ॲपलाचियन पर्वतरांगा आहेत, आणि तिथले फिडल (लोकसंगीतातले व्हायोलिन) व बँजोचे जुने संगीत हा त्या राज्याचा अभिमानविषय आहे. शनिवारी दुपारी वाद्यांच्या दुकानांत मंडळी गोल करून बसतात आणि तासन्‌तास वाजवतात. अशा बैठकांना मी श्रोता म्हणून जात असे. मराठी वाचकाला बँजो म्हटल्यावर मिरवणुकीतले कळांचे वाद्य आठवेल. ते जपानी तैशोगोतोच्या कुळातले, अगदी वेगळे वाद्य आहे. अमेरिकेतील बँजोला गोल चौकटीवर ताणलेले कातडे, लांब दांडी आणि पाच तारा असतात. पाचवी तार आखूड असून तिची खुंटी दांडीच्या टोकाला नसते. ती मध्येच, कडेला बसवलेली असते. जुन्या पद्धतीचा वादक बोटाचे नख वरून खाली लांब तारेवर मारतो आणि हात उचलताना अंगठ्याने ती आखूड तार छेडतो. धून कोणतीही असो, तो एक उंच स्वर तिच्या पाठोपाठ सतत येत राहतो.

त्या बैठकांतील वादक जवळजवळ सगळे गोरे होते, आणि माझ्याशी ते अत्यंत सौजन्याने वागत. त्यांची एक रीत मला फार आवडे. धून सुरू करण्यापूर्वी ती आपण कोणाकडून शिकलो, हे वादक आवर्जून सांगे. अमुक खोऱ्यातील अमुक म्हाताऱ्याकडून, त्याच्या वडिलांकडून. आपल्या घराण्यांतील गुरुस्मरणाशी तिचे नाते जाणवे. परंतु ही परंपरा तीन-चार पिढ्या मागे जाऊन थांबत असे. हातातले वाद्य कोणाचे, हा प्रश्न त्या बैठकीत कोणी विचारत नसे.

बँजोची आखूड तार व्हर्जिनियातील जोएल स्वीनी या गोऱ्या कलावंताने शोधून काढली, असे दीर्घकाळ सांगितले जात होते. ती कथा पुराव्यापुढे टिकत नाही. स्वीनीचा जन्म १८१०चा. त्याच्या जन्मापूर्वी, १७८५ ते १७९०च्या सुमारास, साउथ कॅरोलायनातील मळ्यावरचा देखावा दाखवणारे ‘द ओल्ड प्लँटेशन’ हे जलरंगचित्र काढले गेले. त्यात गुलाम स्त्री-पुरुषांच्या मेळ्यात बसलेला एक वादक भोपळ्याचे तंतुवाद्य वाजवतो आहे, आणि त्या वाद्यावर आखूड तार स्पष्ट दिसते. त्याही शंभर वर्षे आधी, १६८७-८८मध्ये जमैकात राहिलेले वैद्य हान्स स्लोन यांनी तिथल्या आफ्रिकी लोकांची वाद्ये पाहिली आणि १७०७ साली छापलेल्या ग्रंथात त्यांचे चित्र दिले.

पश्चिम आफ्रिकेत, सेनेगल आणि गॅम्बिया या देशांतील जोला समाजात, आकोंटिंग नावाचे वाद्य आजही वाजवले जाते. भोपळा, त्यावर बकरीचे कातडे, लांब दांडी, दोन लांब तारा आणि एक आखूड. नख वरून खाली आणि अंगठा आखूड तारेवर, ही वाजवण्याची रीतही तीच. गॅम्बियाचे डॅनियल जट्टा अमेरिकेत शिकत असताना बँजो ऐकून त्यांना वडिलांच्या आकोंटिंगची आठवण झाली, आणि पुढे त्यांनी या नात्याच्या अभ्यासाला आयुष्यातील मोठा काळ दिला. बँजो हे एखाद्या आफ्रिकी वाद्याचे जसेच्या तसे रूप आहे, असे अभ्यासक म्हणत नाहीत. निरनिराळ्या समाजांतून पकडून आणलेल्या माणसांनी कॅरिबियन बेटांवर आणि अमेरिकेच्या किनाऱ्यावर, आठवणीत राहिलेल्या वाद्यांवरून, ते नव्याने घडवले. ज्यांचे नाव, भाषा, कुटुंब सर्व हिरावून घेतले गेले त्यांनी परक्या भूमीवर एक वाद्य घडवले, ही घटना मला कोणत्याही राजाच्या विजयापेक्षा मोठी वाटते.

मग ते वाद्य त्यांच्या हातून गेले कसे? १८४३ साली न्यूयॉर्कमध्ये ‘व्हर्जिनिया मिन्स्ट्रेल्स’ हा चार गोऱ्या कलावंतांचा संच रंगमंचावर आला. चेहऱ्याला जळक्या बुचाची काजळी फासून, गुलामांच्या बोलण्या-चालण्याची नक्कल करीत ते बँजो आणि फिडल वाजवीत. हा प्रकार पुढील कित्येक दशके अमेरिकेचे सर्वांत लोकप्रिय मनोरंजन होता. ज्या वाद्यात एका समाजाने आपले दुःख आणि आपला उत्सव साठवला होता, ते त्या समाजाच्या टवाळीचे साधन झाले.

याचा परिणाम घरापर्यंत कसा पोहोचतो, हे मला एका सहकाऱ्यामुळे समजले. आमच्या कार्यालयात एक ज्येष्ठ कृष्णवर्णीय बाई होत्या. माहेर त्याच राज्यातील, तंबाखूच्या शेतीचे. बोलता बोलता मी बँजोचा विषय काढला, तेव्हा त्या म्हणाल्या की आपले आजोबा उत्तम वाजवीत, पण ते वाद्य घरात कधीच नसे. तंबाखू वाळवण्याच्या कोठारात ते खिळ्याला टांगलेले असे, आणि पाहुण्यांसमोर त्याचा उल्लेखही होत नसे. या वाद्यावरून लोक आपल्याला हसले आहेत, ते माझ्या मुलांच्या दृष्टीस पडता कामा नये, असे आजीचे म्हणणे. आजोबा गेल्यावर ते कोणी नेले, हे घरातल्या कोणालाच सांगता आले नाही. त्या हे सगळे शांतपणे सांगत होत्या. मी पुढे काही विचारले नाही.

एखाद्याची वस्तू बळाने घेतली तर तो ती परत मागू शकतो. न्याय मिळो न मिळो, मागणी तरी जिवंत राहते. परंतु ती वस्तू त्याच्यासाठी लाजिरवाणी करून ठेवली, तर तो ती आपल्याच हाताने दूर सारतो, आणि त्याची मुले ती आपली होती हेदेखील विसरतात. अन्यायाचे हे रूप अधिक खोलवर जाणारे आहे, कारण त्याची तक्रार करायलाही कोणी उरत नाही.

उरलेसुरले काम ध्वनिमुद्रणाच्या व्यवसायाने केले. १९२० साली मेमी स्मिथ यांची ‘क्रेझी ब्लूज’ ही तबकडी भरघोस खपली आणि कृष्णवर्णीय ग्राहकही तबकड्या विकत घेतो, हे कंपन्यांना उमगले. त्यानंतर त्यांनी मालाच्या दोन याद्या केल्या: कृष्णवर्णीयांसाठी ‘रेस रेकॉर्ड्स’ आणि दक्षिणेतील ग्रामीण गोऱ्यांसाठी ‘हिलबिली’. प्रत्यक्षात दक्षिणेतील खेड्यांत दोन्ही समाजांचे वादक त्याच धुनी वाजवीत आणि एकमेकांकडून शिकत. कंपनीच्या प्रतिनिधीला मात्र कृष्णवर्णीय गायकाकडून ब्लूज हवे असत आणि फिडल-बँजो गोऱ्याकडून. त्यामुळे कृष्णवर्णीय फिडलवादक आणि बँजोवादक दोन याद्यांच्या मधल्या फटीत पडले. त्यांचे ध्वनिमुद्रण क्वचितच झाले, आणि जे मुद्रित झाले नाही ते पुढच्या पिढीच्या लेखी घडलेच नाही. आज ज्याला कंट्री म्हणतात ते हिलबिली यादीचेच पुढचे नाव होय.

या फटीत पडलेल्यांत लेस्ली रिडल होते. सिमेंट कारखान्यातील अपघातात त्यांनी एक पाय गमावला होता. १९२७ साली ब्रिस्टल येथील ध्वनिमुद्रणातून प्रसिद्धीला आलेल्या कार्टर फॅमिली या गायक-कुटुंबातील ए. पी. कार्टर नव्या गाण्यांच्या शोधात पर्वतांतील वस्त्या हिंडत, तेव्हा रिडल त्यांच्याबरोबर असत. कार्टर शब्द उतरवून घेत आणि रिडल चाल स्मरणात ठेवीत. कंट्री संगीताच्या आद्य भांडाराचा एक भाग असा एका कृष्णवर्णीय माणसाच्या स्मरणशक्तीवर उभा आहे, आणि त्या तबकड्यांवर त्याचे नाव नाही.

डीफोर्ड बेली यांची कथा अधिक कठोर आहे. नॅशव्हिलच्या ज्या नभोवाणी कार्यक्रमाला १९२७ साली ‘ग्रँड ओल ऑप्री’ हे नाव मिळाले, त्याचे ते आरंभीचे लोकप्रिय कलावंत. माउथ ऑर्गनवर ते धावत्या आगगाडीचा आवाज हुबेहूब काढीत. दौऱ्यावर गोऱ्या सहकाऱ्यांबरोबर त्यांना हॉटेलात खोली मिळत नसे. १९४१ साली त्यांना कार्यक्रमातून काढण्यात आले, आणि पुढे नॅशव्हिलमध्येच बुटांना पॉलिश करण्याच्या दुकानावर त्यांनी चरितार्थ चालवला. १९८२ साली ते वारले. कंट्री संगीताच्या मानवंतांच्या यादीत त्यांचे नाव २००५ साली आले.

हा सर्व भूतकाळ आहे, असे म्हणण्याची सोय नाही. २०१९ साली लिल नॅस एक्स या कृष्णवर्णीय तरुणाचे ‘ओल्ड टाउन रोड’ हे गाणे ‘बिलबोर्ड’ या अमेरिकी संगीत-नियतकालिकाने आपल्या कंट्री गाण्यांच्या यादीतून काढून टाकले. कंट्रीची लक्षणे त्यात पुरेशी नाहीत, हे कारण दिले गेले. तेच गाणे सर्व प्रकारांच्या एकत्रित यादीत १९ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिले. ते गाणे कसे आहे, हा रसिकतेचा प्रश्न झाला. शंभर वर्षांपूर्वी विक्रीच्या सोयीसाठी आखलेली रेघ आजही कोण आत आणि कोण बाहेर हे ठरवते, ही माझ्या दृष्टीने अधिक गंभीर बाब आहे.

येथे एक आक्षेप संभवतो, आणि तो प्रामाणिक आहे. लोकसंगीत कोणाच्याच मालकीचे नसते. ते वाहते, मिसळते, हातोहाती बदलते. मग मूळ शोधण्याचा अट्टहास कशासाठी? यातील पूर्वार्ध मला पूर्णपणे मान्य आहे. पर्वतांतील गोऱ्या वादकांनी बँजोवर जे प्रेम केले ते खरे आहे. त्यांनी ते जपले नसते तर कदाचित तेही उरले नसते. घेण्यात दोष नाही. पण संस्कृतीचे विस्मरण जर खरोखर काळाच्या ओघात आपोआप होत असते, तर ते सर्वांच्या वाट्याला सारखे आले असते. इथे मात्र स्वीनीचे नाव राहते, चित्रातला तो वादक अनाम राहतो. कार्टरचे नाव तबकडीवर छापले जाते, रिडलचे गळते. प्रत्येक वेळी विस्मृती एकाच बाजूच्या माणसांना गाठते, तेव्हा तिला काळाचा महिमा म्हणून सोडून देणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही.

या विस्मृतीविरुद्ध पहिले भरीव काम ज्यांनी केले, त्यांत हौशी लोकांचा वाटा मोठा आहे, आणि याचे मला विशेष समाधान वाटते. देशभर विखुरलेले, आपापल्या गावी एकटे पडलेले कृष्णवर्णीय बँजोवादक आणि अभ्यासक इंटरनेटच्या आरंभीच्या काळात एकमेकांना सापडले. कोणाकडे जुने छायाचित्र होते, कोणाकडे वृत्तपत्रातील कात्रण, कोणाकडे आजोबांची एखादी धून. त्यातून एप्रिल २००५मध्ये नॉर्थ कॅरोलायनातील बून या पर्वतीय गावी, ॲपलाचियन स्टेट विद्यापीठात, ‘ब्लॅक बँजो गॅदरिंग’ हे संमेलन भरले. रिआनन गिडन्स, डॉम फ्लेमन्स आणि जस्टिन रॉबिन्सन हे तीन तरुण तिथे एकत्र आले.

त्यानंतर हे तिघे मेबन या गावी जो थॉम्पसन यांच्याकडे जाऊ लागले. मेबन हे लहानसे गाव माझ्या नेहमीच्या वाटेवरचे होते; महामार्गावरून जाताना तिथे असा माणूस राहत असेल, अशी कल्पना कोणाला येऊ नये. थॉम्पसन तेव्हा ८६ वर्षांचे होते. फर्निचरच्या कारखान्यात आयुष्यभर काम केलेल्या या माणसाकडे फिडलची विद्या वडिलांकडून आलेली होती. त्यांना बँजोची साथ करणारे चुलतभाऊ ओडेल १९९४ साली वारले होते. खुद्द त्यांनाही पक्षाघाताचा झटका येऊन गेला होता, आणि त्यातून सावरून त्यांनी पुन्हा फिडल हाती धरले होते. दर गुरुवारी संध्याकाळी ही मुले त्यांच्या घरी बसत. थॉम्पसन फार समजावून सांगत नसत; वाजवीत, आणि मुलांनी बरोबर वाजवायचे. गोऱ्यांच्या बैठकीत ज्या गुरुस्मरणाची साखळी मध्येच थांबत असे, तिचे पुढचे कडे या घरात होते. त्या तिघांच्या ‘कॅरोलायना चॉकलेट ड्रॉप्स’ या संचाच्या २०१०च्या अल्बमला पुढील वर्षी ग्रॅमी मिळाले. थॉम्पसन २०१२ साली, ९३ व्या वर्षी वारले. २०२४ साली बियॉन्से यांचे ‘टेक्सस होल्डेम’ हे गाणे कंट्री यादीत पहिल्या क्रमांकावर पोहोचले. त्यातील बँजो रिआनन गिडन्स यांनी वाजवलेला आहे.

हे दूरदेशीचे प्रकरण म्हणून आपण बाजूला ठेवू नये, कारण या इतिहासाचा एक धागा मुंबईत येऊन पोहोचतो. १९३५ साली लिऑन ॲबी हे कृष्णवर्णीय व्हायोलिनवादक आपला जॅझ वाद्यवृंद घेऊन मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात आले. त्यांच्यामागून पियानोवादक टेडी वेदरफोर्ड आले. शिकागोत नाव कमावलेल्या या कलावंताने आयुष्याचा उत्तरार्ध आशियात काढला आणि १९४५ साली कोलकात्यात त्यांचा मृत्यू झाला. मायदेशी वर्णभेदाच्या कायद्यांखाली जगलेल्या या वादकांबरोबर गोव्याचे तरुण वादक बसले, त्यांच्याकडून लय आणि उत्स्फूर्त विस्तार शिकले, आणि पुढे तीच विद्या हिंदी चित्रपटसंगीतात घेऊन आले. आल्डोन्याचे आंतोनियु शाव्हिएर वाझ, म्हणजेच चिक चॉकलेट, हे त्यांतले अग्रणी. पुणतांब्यात जन्मलेले सी. रामचंद्र आणि ते एकत्र काम करीत. १९५१च्या ‘अलबेला’त चिक चॉकलेट आपल्या संचासह पडद्यावरही दिसतात. आपल्या घराघरांत ती गाणी गुणगुणली गेली. गायकाचे, संगीतकाराचे, नटाचे नाव सर्वांना पाठ आहे. ट्रंपेट कोणाचा, वाद्यमेळ कोणी बांधला, आणि ती लय मुंबईच्या बंदरावर कोणी उतरवली, हे सांगू शकणारी माणसे आता फार थोडी उरली आहेत.

आज गाणे ऐकण्याची साधने बदलली आहेत आणि रकाने पुष्कळ वाढवता येतात. जागा नाही, ही सबब आता उरलेली नाही. म्हणून वाचकांपैकी ज्यांच्या घरी मुंबईच्या स्टुडिओंत वाजवणारे कोणी होते, मग ते आजोबा असोत, मामा असोत की शेजारचे कोणी वयोवृद्ध गृहस्थ, त्यांना माझी विनंती आहे. त्यांच्या डायऱ्या, मानधनाच्या पावत्या, स्वरलिपीच्या वह्या रद्दीत जाऊ देऊ नका. त्यांच्यासमवेत वाजवणाऱ्यांची नावे जुन्या छायाचित्रांच्या मागे आजच लिहून घ्या, आणि त्यांना ती विद्या कोणी शिकवली हेही विचारून ठेवा. ते हयात असतील, तर हे विचारण्यास उशीर करू नका.